फम्बल करून दाखवा

आरशाला तोंड फुटलं तेव्हा माझ्या तोंडात दोन हेअरपिना होत्या.

झालं असं, की हॉटेलच्या मागच्या गल्लीतून मी ड्यूटीवर निघाले होते. तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते आणि अक्कल त्याच्या निम्मी. भुरभुर पाऊस, उशीर झालेला, अंबाडा सुटून पाठीवर आलेला... आणि समोरून एक आरसा चालत आला. थापा नाही मारत. माणसाएवढा उंच आरसा, खाली चिखलाचे बूट, दोन्ही कडांना चार-चार बोटं. आयता आरसा समोर आला तर कोणती पोरगी सोडेल? मी त्याच्यापुढे उभी राहिले. आरसाही थांबला. मी पिना दातांत धरल्या, केस वर घेतले, मान इकडून वळवली, तिकडून वळवली, जरा नाकही मुरडून पाहिलं.

"झालं का?" आरसा म्हणाला. "हाताला रग लागलीय."

पिन गिळायचीच राहिली. पण घाबरेन तर मी कसली! त्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डवर बसायचे मी. दिवसभर लोकांचे आवाज ऐकून ऐकून माझ्या गळ्यात सगळे भाडेकरू राहायला आले होते - खोकणारे म्हातारे, लाडात येणाऱ्या बायका, कावलेले साहेब. हवा तो बाहेर काढायचा. मी एक म्हातारा बाहेर काढला.

"थांब रे बाळा जरा," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "टाय नीट करतोय. दिसत नाही हल्ली धड."

"सॉरी हं काका," आरसा गडबडला. "होऊ द्या सावकाश. खाली वाकवू का थोडा?"

आणि खरंच वाकवला हो त्यानं! तिथंच मला हसू फुटलं. आरसा कलला. वरच्या कडेवरून आधी पुट्टीचा पांढरा पट्टा ओढलेलं कपाळ आलं, मग दोन डोळे. ते डोळे माझ्या कानांवर थांबले.

"काका," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "झुमके छान आहेत तुमचे."

एवढं बोलून आरसा मागच्या दारानं हॉटेलात शिरला. मी गल्लीतच, अर्धे केस वर, अर्धे खाली. आजवर मी लोकांना बनवत आले होते. उलटा डाव टाकून शांतपणे निघून जाणारा पहिलाच भेटला होता. राग यायला हवा होता. आला नाही... हेच तर वाईट झालं.

---

आमच्या हॉटेलात परदेशी पाहुणे यायला लागले होते. मॅनेजरनं मला बजावलं होतं, "इंग्रजी सुधार, नाहीतर बोर्डवर दुसरी बसवतो." म्हणून मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बेकरीच्या माडीवर भरायचा तो. खाली भट्टीतून पाव निघायचे आणि वर आमच्या तोंडातून इंग्रजी. पाव बरे भाजलेले असायचे.

शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे काडीसारख्या बारीक आणि आवाज मात्र गॅलरीपर्यंत. तरुणपणी नाटकांत कामं केलेली. त्यांच्या वर्गात डिक्शनरी आणायची नाही, आपल्या भाषेत बोलायचं नाही. बोललात तर फळा पुसा. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा असायचा, त्यात शब्दांच्या चिठ्ठ्या. ज्याची पाळी त्यानं चिठ्ठी काढायची, आणि अर्थ सांगायचा नाही - करून दाखवायचा. बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच नाही ओळखता आलं, तर तो शब्द अजून आपला झालेला नाही असं समजायचं आणि परत डब्यात टाकायचा.

मला पहिल्याच दिवशी 'फेंट' आला. मी अशी बेशुद्ध पडले, की वर्गातली नर्स धावत येऊन माझी नाडी बघायला लागली आणि टॅक्सीवाल्यानं बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. मी डोळा मारला तेव्हा नर्स म्हणाली, "अगं भवाने!" - आणि फळा तिला पुसावा लागला.

दुसऱ्या आठवड्यात दार उघडून एक जण आत आला. कपाळावर पुट्टी.

"गुड इव्हिनिंग, काका," तो माझ्या शेजारच्या बाकावर बसत पुटपुटला.

काचांचं दुकान होतं त्याचं, बाजारपेठेच्या टोकाला. वर्गात सगळे त्याला काचवालाच म्हणायचे. पुढे लग्नानंतरही मी 'अहो काचवाले' अशीच हाक मारत आले. झालं! शेवट सांगून बसले. जाऊ दे. लग्न झालं हे कळलं म्हणून काही बिघडत नाही. ते होता होता कसं राहत होतं, ते ऐका.

एका संध्याकाळी डब्यातून काचवाल्याला चिठ्ठी आली - 'फम्बल'. मॅडमनी त्याला कोपऱ्यात नेऊन कानात अर्थ सांगितला. तो परत आला तो चेहरा पाडूनच. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, जरा विचार केला आणि सोडला खाली.

"थ्रो!" टॅक्सीवाला ओरडला.

त्यानं मान हलवली. किल्ल्या उचलल्या, शर्टाच्या बटणाशी खटपट केली. बटण एका फटक्यात लागलं. परत काढलं, परत लागलं.

"ड्रेस!" नर्स म्हणाली.

मग त्यानं खडू या हातातून त्या हातात टाकत टाकत मुद्दाम पाडायचा म्हटला, तर डाव्या हातानं तो खडू वरच्या वर झेलला. सवयच तशी. काचवाल्याच्या हातातून वस्तू पडते कुठं?

"मॅजिशियन!" मी ओरडले. वर्ग खो-खो हसला.

तो घामाघूम. शेवटी आपल्या भाषेत म्हणाला, "मॅडम, नाही जमत हो. हात ऐकत नाहीत. मुद्दाम चुकायचं म्हटलं की जास्तच नीट चालतात."

त्याला फळा पुसायला लावून मॅडम नियम मोडून बोलल्या. असं त्या क्वचितच करायच्या. म्हणाल्या, "अंधारात किल्ली शोधताना होतं ते फम्बल. किल्ली हातात असून कुलपात जाईना, तेही फम्बल. क्रिकेटमध्ये हातात आलेला चेंडू निसटला, तरी फम्बलच. आपल्याकडे चाचपडणं वेगळं, धांदल वेगळी, हातचं सुटणं वेगळं. हा शब्द सगळ्यांना एका पिशवीत घालतो. आणि गंमत अशी की हे ठरवून करता येत नाही. ठरवून केलं की ते नाटक."

चिठ्ठी डब्यात परत गेली.

खाली उतरताना मी त्याला डिवचलं. "एवढं साधं जमेना? मी करून दाखवू?" आणि बेकरीच्या पायरीवर उभी राहून मी पर्स उघडली, रुमाल पाडला, कंगवा पाडला, किल्ली शोधताना चष्म्याची डबी पाडली, ती उचलताना पर्सच पालथी केली. अगदी फर्स्ट क्लास.

तो हसला नाही. एकेक वस्तू उचलून माझ्या हातात देत म्हणाला, "नाही जमलं."

"काय नाही जमलं? एवढा पसारा झाला!"

"खरोखर गोंधळलेला माणूस स्वतःच्या बोटांकडे बघतो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

मी पर्स खटकन् मिटली.

"कंगवा," तो म्हणाला आणि शेवटची वस्तू माझ्या हातात ठेवली.

---

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाला धारेवर धरलं. बोर्ड माझ्या हातात होता, मग काय! लाइन मोकळी दिसली की वायरीची पिन बोर्डात खुपसायची आणि दुकानाचा नंबर लावायचा.

"हॅलो, काचेचं दुकान का?" - हा आवाज लाडात आलेल्या बाईंचा - "आमच्या पोपटाला खिडकी हवी होती हो. गोल. उघडझाप होणारी."

"माप काय?"

"पोपटाचं की खिडकीचं?"

"पोपटाचं सांगा, खिडकी मी बसवतो."

कधी मी कावलेला साहेब व्हायचे आणि त्यानं न बसवलेली काच फुटली म्हणून त्याला झापायचे. सुरुवातीला फसायचा बिचारा. एकदा तर शिडी घेऊन, नसलेल्या बंगल्याच्या शोधात अर्धं गाव फिरून आला. मग हळूहळू शहाणा झाला. पण पुरता नाही. गिऱ्हाइकाचा खरा फोन आला, तरी म्हणायचा, "काका, कामात आहे." दोन गिऱ्हाइकं गेली त्याची त्यात.

"तुमचा खरा आवाज कोणता, ते तरी सांगून ठेवा," एकदा म्हणाला. "ओळखायला."

"हाच की!"

"हा कुणाचा?"

"माझा!"

"हं... हाही बरा जमतो तुम्हाला."

हसले मी तेव्हा. पुढं हेच माझ्या गळ्याशी येणार होतं, मला काय ठाऊक!

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. कारण लागायचं - घरातली फोटोफ्रेम नीट करायची होती. ती फ्रेम नीट व्हायची नाही, कारण मीच ती दर खेपेला बिघडवून न्यायचे. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, त्यांच्या हिरवट कडा, पुट्टीतल्या जवसाच्या तेलाचा वास. काउंटरवर लोकरीचा जाड नमदा पसरलेला, आणि त्यावर वाकून तो काच कापायचा. हातात हिरकणी - टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली छोटीशी कलम. पट्टी ठेवायचा, श्वास धरायचा आणि एक रेघ. सर्र... बस्स. मग काच टेबलाच्या कडेला आणून हलकेच दाबली, की टक् करून दोन तुकडे. ती 'टक्' ऐकायला मी तासभर बसायचे.

"मला द्या ना," मी म्हणाले.

त्यानं एक फुटका तुकडा पुढं केला. हिरकणी माझ्या बोटांत नीट बसवून दिली. त्याची बोटं खरखरीत होती, ठिकठिकाणी जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेषा. मी रेघ मारली. फिकट उमटली, म्हणून तिच्यावरूनच परत एकदा—

"नको!"

टक् झालं नाही. कर्रकन् आवाज झाला आणि काच वाकडीतिकडी, नकाशासारखी फुटली.

"गिरवायचं नसतं," तो म्हणाला. "काचेवर रेघ एकदाच. मनात खात्री असेल तेव्हाच मारायची. आणि मारली की संपलं."

"आणि खात्रीच नसेल तर?"

"तर हिरकणी खाली ठेवायची."

बोलताना तो काचेचे तुकडे गोळा करत होता. माझ्याकडे बघत नव्हता. बोटांकडे बघत होता... पण त्याची बोटं तर बिलकूल चुकत नव्हती. मला जरा निराशच वाटलं, खरं सांगते.

आमचं हे असं चाललेलं. तो मला 'तुम्ही' म्हणायचा, मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे. वर्गात इंग्रजी बोलताना बरं होतं. 'यू' म्हटलं की झालं, त्यात तूही आलं आणि तुम्हीही. जिना उतरला की पुन्हा पंचाईत.

---

एक दिवस वर्ग सुटल्यावर तो बेकरीच्या पायरीवर थांबला. हातात गरम पावाची पुडी. अर्धा पाव मला दिला.

"एक कंपनी आलीय," म्हणाला. "परदेशात उंच इमारती बांधतात. भिंतीच नाहीत, नुसत्या काचा. वीटच नाही कुठं. त्यांना काचेची माणसं हवीत. त्यांचा साहेब तुमच्याच हॉटेलात उतरलाय. त्यानं हात बघितला माझा. घेतो म्हणाला. तीन वर्षांसाठी."

मी पाव खाली घेतला.

"इंग्रजी त्यासाठी शिकत होतात होय?"

"आधी त्यासाठीच." त्यानं आपल्या पावाचा तुकडा मोडला. "आयुष्यभर खिडक्यांच्या काचा बसवल्या. कुणाच्या मोरीच्या, कुणाच्या माळ्याच्या. एकदा भिंतभर काच लावून बघायची होती. हो की नाही, ते शनिवारी सांगायचंय. तो संध्याकाळी निघतो." मग पायरीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

आता बघा, इथं शहाण्या माणसानं काय करावं? खरं बोलावं. पण माझ्या छातीत धस्स झालं, आणि धस्स झालं की माझ्या गळ्यातले भाडेकरू मालकिणीला ढकलून पुढं येतात. आला म्हातारा खोकत.

"जा बाळा, जा," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कीर्तिमंत हो. काकांना येताना एक टाय आण."

तो हसला. पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत विझलं. "बरं काका," म्हणाला आणि निघून गेला. अर्धा पाव तसाच माझ्या हातात राहिला.

घरी वहिनीनं माझं तोंड बघितलं आणि कुकरचा गॅस बंद केला. माझी वहिनी म्हणजे तिला सांगायला लागतच नाही, वासावरून कळतं.

"कोण?" तिनं विचारलं.

सांगितलं सगळं.

"मग आता सांग त्याला, की जाऊ नका म्हणून."

"सांगते की. त्यात काय!"

"काय त्यात काय? बाई गं, तुझं म्हणजे लांडगा आला रे आला. मागच्या महिन्यात पोलीस बनून स्वतःच्या भावाला फोन केलास, तो दोन दिवस मागच्या दारानं घरी येत होता. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्या आवाजात सांगेन."

"कोणत्या?" वहिनी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी बोर्ड शांत होता. मी दुकानाचा नंबर लावला. गळा मोकळा केला. एकेका भाडेकरूला बाहेर काढून दाराला कडी घातली.

"हॅलो."

"मी बोलतेय," मी म्हणाले. "ऐका... जाऊ नका. म्हणजे काच लावायची तर लावा, पण... मला करमणार नाही हो इथं. काल मी उगाच तसं बोलले."

जवसाच्या तेलाचा वास मला इथं आला, शपथेवर सांगते. आणि मग तो हसला. प्रेमानंच हसला, त्याचंच जास्त लागलं.

"हा नवीन आहे," म्हणाला. "रडवेला. अगदी खरा वाटतो. छान जमलाय."

"अहो नाही—"

"खरंच छान. जाताना लक्षात राहील." आणि हळूच फोन ठेवला.

लाइट विझला बोर्डवरचा. मी हेडफोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सगळ्या आवाजांचा राग आला.

---

शनिवारी संध्याकाळी तो हॉटेलात आला. धुतलेला शर्ट, कपाळावर पुट्टी नाही. रिसेप्शनवाल्यानं सांगितलं होतं, की साहेब आधी फोनवर बोलतात, मग वर बोलावतात. बोर्डवरून जोडून घ्या. म्हणून तो माझ्या खोलीच्या दारात उभा.

बोर्डची खोली म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी. समोर उभा लाकडी बोर्ड, त्याला रांगेनं भोकं - प्रत्येक भोक म्हणजे एक खोली, नाहीतर स्वयंपाकघर, नाहीतर लाँड्री - प्रत्येकावर इवलासा दिवा. पुढ्यात पिना लावलेल्या वायरी. मला बघावंसुद्धा लागायचं नाही. एका हातानं चहा पीत, दुसऱ्या हातानं अख्खं हॉटेल बोलतं ठेवायचे मी.

"वरच्या मजल्यावरच्या कंपनीच्या साहेबांना जोडून देता का?" तो म्हणाला. "सांगून टाकतो... हो म्हणून."

मी ठरवलं होतं. रडायचं नाही, नाटक नाही, आवाज नाही. माणसाला भिंतभर काच हवीय, तर आपण नीट, सभ्यपणे लाइन जोडून द्यायची. एवढं तरी सरळ काम करायचं.

"देते की," मी म्हणाले. पिन उचलली.

पिन भोकात जाईना.

शेजारच्या भोकात गेली. काढली. परत लावली, ती खालच्या रांगेत. लाँड्रीचा दिवा पेटला.

"हॅलो, इस्त्री," लाँड्रीवाला ओरडला.

"हू इज धिस?" वरचा साहेब. अरे देवा, ती दुसरी पिन कधी लागली?

"इस्त्री, साहेब. पँट झाली तुमची."

"व्हॉट पँट?"

मी ती पिन उपटायला गेले, तर तिसऱ्याच वायरीत मनगट अडकलं. ती सोडवताना दोन दिवे एकदम पेटले. स्वयंपाकघरातून कुणीतरी "अंडी किती?" विचारत होतं आणि मॅनेजर, साक्षात मॅनेजर, त्याला "कसली अंडी?" विचारत होता. लाँड्रीवाला साहेबाला समजावत होता की काळी पँट आहे आणि डाग निघालेला नाही. घामानं पिन निसटत होती. मी दोन्ही हातांनी ती धरली, डोळ्यांजवळ आणली, त्या भोकासमोर नेली - रोज शंभरदा आंधळ्यासारखी लावते तेच भोक - आणि ती कडेला थडथड वाजत राहिली. वाजतच राहिली. आत जाईना. बोटं माझीच होती, मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांना विनवत होते, अगं जा ना, जा ना एकदाची...

खोलीत दुसरं कुणी आहे, हेसुद्धा मी विसरले होते.

मग एक खरखरीत हात पुढं आला. पांढऱ्या रेषांचा. त्यानं माझी बोटं पिनेसकट हलकेच धरली, काच धरतात तशी.

"फम्बल," तो म्हणाला. अगदी हळू.

मी मान वर केली नाही. मला धड दिसतही नव्हतं.

"नाटक नाहीये हे," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला, कुणाचाच नसलेला.

"माहितीये." हेडफोनमधून अजून अंडी आणि पँट. "मी करून बघितलंय ना. मुद्दाम असं होत नाही. आणि तू... एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस."

तू. ऐकलंत ना? 'तू' म्हणाला.

"काल फोनवर ते तूच होतीस?"

"मीच."

"आणि मी छान जमलंय म्हणालो!"

"हो. वरून 'खरंच छान' असंही म्हणालात."

त्यानं डोळे घट्ट मिटले. मग माझ्या हातातली पिन घेतली. "सांग, कोणतं भोक?"

मी बोट दाखवलं. त्यानं पट्टी ठेवावी तशी नजर लावली, श्वास धरला आणि पिन बरोबर आत. टक्. मी हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला.

"सर," तो इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम ग्लासमन. आय ॲम नॉट कमिंग, सर. थँक यू." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काचवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "बिकॉज... हिअर समबडी इज फम्बलिंग, सर."

मॅडम असत्या तर त्याच क्षणी चिठ्ठी डब्याबाहेर काढली असती.

पिन काढून त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "एकदाच सांगतो. मी गिरवत नाही. तुझ्याशी लग्न करायचंय मला."

"पण तुमची भिंतभर काच?"

"मी म्हणालो ना, खात्री असेल तिथंच हिरकणी उचलायची."

मी काही तरी सुरेख बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात दार उघडून मॅनेजर आत आला, लालबुंद, आणि ओरडला, "कुणाची अंडी? कुणाची पँट? चाललंय काय इथं?"

आणि मी म्हणाले, "साहेब, लग्न."

---

ते हॉटेल आता नाही. बोर्ड तर कधीच भंगारात गेला. हल्ली पोरं बोटानं काच घासतात आणि जगात कुठंही बोलतात. मला त्यात मजा वाटत नाही, चुकीच्या भोकात पिनच घालता येत नाही. बेकरी आहे अजून. मॅडम गेल्या. आमच्या लग्नात त्यांनी बिस्किटांचा तो डबा आहेर म्हणून दिला होता. आत एकच चिठ्ठी. कोणती, ते सांगायला नको. आता त्यात मी बटणं ठेवते.

आणि काचेच्या भिंती म्हणाल, तर थोडी वर्षं गेली आणि त्या आपल्या पायांनी चालत आमच्या गावात आल्या. हॉटेलच्याच जागी उंच इमारत उठली, वीटच नाही कुठं. काच कुणी लावली? आमच्या काचवाल्यांनी, हाताखाली माणसं घेऊन. लावून झाली त्या दिवशी घरी येऊन मुकाट जेवले आणि हात धुताना म्हणाले, "लागली बाई एकदाची." मी म्हटलं, "बघा, बसल्या जागी आली. मी तेव्हाच म्हणाले होते." तशी मी काहीच म्हणाले नव्हते, पण त्यांनी वाद घातला नाही.

परवा आम्ही बाजारातून येत होतो. मागच्या गल्लीतून, भुरभुर पावसात. माझे केस आता खांद्यापर्यंत, तेही मेंदीनं आब राखून. अंबाडा सुटला. समोर ती काचेची भिंत, अख्ख्या गल्लीएवढा आरसा. मी थांबले. पिना दातांत धरल्या, मान इकडून वळवली, तिकडून वळवली.

"झालं का?" मागून आवाज आला. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. "हाताला रग लागलीय."

"थांब रे बाळा जरा," मी म्हातारा बाहेर काढला. आता त्याला फार लांबून यावं लागत नाही.

"सावकाश होऊ द्या, काका."

काचेत ते दिसत होते. ओलं कपाळ, पुट्टी नाही, पण तिथंच तेवढाच पांढरा पट्टा, आता केसांचा. माझ्याकडेच बघत होते. आणि काय झालं कुणास ठाऊक, पिन केसांत जाईना. एकदा गेली, निसटली. दुसऱ्यांदा बोटांतून उडाली आणि टिणटिण करत त्यांच्या बुटापाशी जाऊन पडली.

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. वाकले. पिन उचलली, शर्टाला पुसली.

"मुद्दाम पाडलीस."

"छे!"

"मग सांग, पिन पडली तेव्हा तू बघत कुणाकडे होतीस? बोटांकडे, की माझ्याकडे?"

मी काचेतून त्यांच्याकडे बघत डोळा मारला.

"ओळखा पाहू, काचवाले."

ते अजून ओळखतायत. तोवर पिन त्यांनी स्वतःच लावून दिली माझ्या केसांत, एकाच खेपेत.